'टू' आणि क्रियापद यांच्या मध्ये कोण आले? इंग्रजी तुमंताची हजार वर्षे

१/
इ. स. १८७१. वॉशिंग्टनमध्ये ब्रिटन आणि अमेरिका यांचे प्रतिनिधी एका तहाचा मसुदा घडवीत होते. प्रकरण नाजूक होते. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडील बंडखोर राज्यांसाठी 'अलाबामा' ही युद्धनौका इंग्लंडमधील बर्कनहेड येथे बांधली गेली होती, आणि तिने उत्तरेची साठाहून अधिक जहाजे पकडली वा बुडवली होती. भरपाई कोणी द्यायची, यावरून दोन्ही देशांचे संबंध विकोपाला गेले होते. वाटाघाटी चालू असताना लंडनहून ब्रिटिश प्रतिनिधींना तारेने आदेश येत. त्यांतला एक आदेश व्याकरणाचा होता. तहाच्या मजकुरात 'टू' आणि त्याचे क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घातलेले सरकार कोणत्याही परिस्थितीत चालवून घेणार नाही, असे त्यात बजावले होते.

२/
ही हकीकत अँड्र्यू लँग यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर स्टॅफर्ड नॉर्थकोट यांच्या चरित्रात आली आहे. नॉर्थकोट हे त्या ब्रिटिश शिष्टमंडळाचे सदस्य. हिंदुस्थानच्या इतिहासालाही हे नाव परके नाही. १८६७-६८ मध्ये ते भारतमंत्री होते. ब्रिटनमधील सरकारी नोकरी वशिल्याऐवजी स्पर्धा परीक्षेने द्यावी, अशी शिफारस करणाऱ्या १८५४ च्या प्रसिद्ध अहवालावर ट्रेव्हेल्यन यांच्यासोबत त्यांचीच सही आहे. परीक्षा, नोकरी आणि 'शुद्ध' इंग्रजी यांची सांगड त्याच काळात घट्ट होत होती, हे येथे ध्यानात ठेवलेले बरे.

३/
शाळेत इंग्रजीच्या तुमंताविषयी, म्हणजे इन्फिनिटिव्हविषयी, दोन नियम साधारण एकाच सुरात सांगितले जातात. पहिला: 'कॅन', 'मस्ट', 'लेट', 'मेक' यांच्यानंतर 'टू' लावू नये. दुसरा: 'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये दुसरा शब्द घुसवू नये. दोन्ही पाठ करावे लागतात, दोन्ही मोडले की गुण जातात. परंतु पहिल्या नियमाचे वय हजार वर्षांहून अधिक आहे, आणि दुसरा लिखित नियम म्हणून एकोणिसाव्या शतकातला आहे. एक भाषेच्या हाडात मुरलेला, तर दुसरा पत्रलेखकांनी आणि धर्मगुरूंनी बाहेरून चढवलेला.

४/
आधी संज्ञेविषयी. 'इन्फिनिटिव्ह' या लॅटिन मुळाच्या शब्दाचा अर्थ मर्यादा नसलेला, न बांधलेला. 'तो पितो', 'मी प्यालो', 'त्या पितील' या रूपांत क्रिया काळाला, पुरुषाला आणि वचनाला बांधलेली असते. ही बंधने काढून नुसती क्रिया उरली की ते हे रूप. संस्कृतात ते 'तुम्' या प्रत्ययाने संपते (पातुम्, गन्तुम्, कर्तुम्), म्हणून मराठी व्याकरणात त्याला तुमंत म्हणतात.

५/
नवव्या ते अकराव्या शतकांतील जुन्या इंग्रजीत या एका कामासाठी दोन रूपे होती आणि त्यांत 'टू' हा तुमंताचा अनिवार्य भाग नव्हता.

पहिले साधे रूप '-अन' या प्रत्ययाचे. 'ड्रिंकन' म्हणजे पिणे, 'सिंगन' म्हणजे गाणे, 'बिंडन' म्हणजे बांधणे. प्रत्ययावरूनच तुमंत ओळखू येई, आधाराला दुसरा शब्द लागत नसे.

दुसरे रूप चतुर्थी विभक्तीचे: 'टो ड्रिंकेन्ने'. यातला 'टो' हे खरेखुरे शब्दयोगी अव्यय. त्याचा अर्थ 'कडे', 'प्रत', 'साठी'. गावाकडे जाताना जो 'टो', तोच पिण्याकडे जातानाही. 'टो ड्रिंकेन्ने' म्हणजे शब्दशः 'पिण्याप्रत', 'पिण्यासाठी'.

६/
मराठी वाचकाला हे दोन रूपांचे प्रकरण चमत्कारिक वाटण्याचे कारण नाही. मराठीत आजही अगदी अशीच जोडी नांदते आहे. 'तो पिऊ शकतो' आणि 'तो प्यायला आला' ही वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. 'पिऊ' हे साधे रूप. 'प्यायला' हे 'प्यावयाला' याचे आखडलेले रूप, आणि त्याच्या शेवटी उघडउघड चतुर्थीचा 'ला' बसलेला आहे. 'पिऊ प्यालेला आला' किंवा 'प्यायला शकतो' असे मराठी मूल कधी म्हणत नाही. हा भेद त्याला कोणी शिकवलेलाही नसतो.

'पिऊ', 'करू' या रूपांची वंशावळही स्पष्ट आहे. संस्कृतातील 'तुम्', त्यावरून माहाराष्ट्री प्राकृतातील 'उं', आणि त्यावरून जुन्या छापील पुस्तकांत अनुस्वारासह दिसणारे 'करूं'. 'शक्' धातूबरोबर तुमंत येते हे पाणिनीने सूत्रात नोंदवून ठेवले आहे. 'कर्तुं शक्नोति' म्हणणाऱ्याचा आणि 'करू शकतो' म्हणणाऱ्याचा धागा अखंड आहे.

७/
विभक्तीचा प्रत्यय लागलेले क्रियेचे नाम पुढे गोठून तुमंत बनणे, ही घटना अनेक भाषांत घडली आहे. वैदिक भाषेत 'पातवे' म्हणजे पिण्यासाठी, आणि ते रूप चतुर्थीचेच आहे. वेदांतल्या असल्या अनेक प्रत्ययांची यादी पाणिनी एका स्वतंत्र सूत्रात देतो, कारण त्याच्या काळच्या बोलण्यातून ते गळून पडले होते आणि 'तुम्' एकटा उरला होता. इंग्रजीतही गळती झाली. मात्र तेथे गळाले ते प्रत्यय, आणि त्यांच्या जागी एक शब्दयोगी अव्यय येऊन बसले.

८/
ही गळती कशी झाली?

१०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. दरबार आणि वरिष्ठ वर्ग फ्रेंच बोलू लागला, विद्वानांचे लेखन लॅटिनमध्ये होत राहिले, आणि इंग्रजी पुष्कळ काळ शेतकरी, कारागीर आणि घरगडी यांच्या तोंडी राहिली. शब्दाच्या शेवटचा आघातहीन स्वर पुसट होण्याची प्रक्रिया त्याआधीच सुरू झाली होती, पण आता तिला आवर घालणारी लेखनाची प्रमाण पद्धत उरली नाही. 'ड्रिंकन' या शब्दाच्या टोकाचा स्वर मिळमिळीत झाला, मग 'न' गेला, शेवटी उरलेला स्वरही गेला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस हातात राहिले नुसते 'ड्रिंक'.

९/
आता अडचण उभी राहिली. 'ड्रिंक' हे तुमंत, 'ड्रिंक' हीच आज्ञा, 'आय ड्रिंक' मधले वर्तमानकाळी रूपही तेच, आणि पेय या अर्थाचे नामही तेच. ओळखायचे कसे? चतुर्थीच्या रूपामागे उभा असलेला 'टो' तेवढा ठळक राहिला होता. तोच खूण म्हणून पसरत गेला. जेथे हेतूचा लवलेशही नाही अशा जागीही तो बसला. 'टू एर इज ह्यूमन' या म्हणीत 'साठी' असा अर्थ कोठे आहे? मूळचा अर्थ झिजून अव्यय निव्वळ चिन्ह बनले होते.

अर्थ इतका झिजला की खरोखर हेतू सांगायचा असेल तेव्हा 'टू' अपुरा पडू लागला. मग मध्ययुगीन इंग्रजीने त्याच्यामागे आणखी एक 'साठी' जोडला: 'फॉर टू'. चॉसरच्या काव्यात तो जागोजागी भेटतो. प्रमाण भाषेने पुढे तो टाकला, पण काही बोलींनी जपला. आजच्या इंग्रजीतील 'इन ऑर्डर टू' हीदेखील त्याच उणिवेवरची डागडुजी.

१०/
'टू'चा पूर सगळीकडे पसरला तरी काही उंचवटे कोरडे राहिले. 'कॅन', 'मे', 'शॅल', 'विल', 'मस्ट' यांच्यानंतर पूर्वापार साधे '-अन' रूप येत असे. ही क्रियापदे दर वाक्यात लागणारी आणि पुढच्या तुमंताशी घट्ट चिकटलेली, त्यामुळे तेथे नवा 'टू' शिरूच शकला नाही. म्हणून 'ही कॅन ड्रिंक'. 'तो पिऊ शकतो' यात 'ला' नाही, तसाच येथे 'टू' नाही. 'लेट', 'मेक', 'सी', 'हिअर' यांचीही तीच कथा. परवानगी, भाग पाडणे, पाहणे, ऐकणे या क्रियांबरोबर जुन्या इंग्रजीत साधे तुमंतच येत होते. 'लेट हिम ड्रिंक' म्हणजे 'त्याला पिऊ दे', आणि या वाक्यात दोन्ही भाषांची पावले एकाच ठशात पडतात.

सर्वत्र मात्र ती तशी पडत नाहीत. 'मेड हिम ड्रिंक' याचे मराठी 'त्याला प्यायला लावले' असे होते, आणि 'पिऊ इच्छितो' याला इंग्रजीत 'वॉन्ट्स टू ड्रिंक' लागते. दोन घरांतील वाटणी एकाच तत्त्वाची असली तरी भिंती वेगळ्या जागी आहेत.

११/
या 'कॅन'-'मे' मंडळींचे आणखी एक वैशिष्ट्य. 'कॅन'चे मूळ 'कुन्नन' म्हणजे जाणणे, येणे ('त्याला पोहता येते' यातले 'येणे'). त्याला स्वतःचे तुमंत होते. मध्ययुगीन इंग्रजीत ते सापडते. पुढे प्रमाण इंग्रजीतून ते नष्ट झाले. 'टू कॅन' म्हणता येत नाही म्हणूनच 'टू बी एबल टू' असा लांबचा वळसा घ्यावा लागतो. स्कॉटलंडच्या काही बोलींत 'विल कॅन' अजून ऐकू येते. मुंबई-पुण्यातल्या परीक्षकाने ते लाल शाईने खोडले असते. ऐतिहासिकदृष्ट्या ते निर्दोष आहे.

१२/
'ऑट' याच्यानंतर मात्र 'टू' येतोच, तो का? 'ऑट' हे मूळचे 'ओ' या क्रियापदाचे, म्हणजे देणे लागण्याचे, भूतकाळी रूप. देणे लागणारा काहीतरी करण्याप्रत बांधलेला असतो, आणि तो 'प्रत' म्हणजेच 'टू'. 'डेअर' आणि 'नीड' कुंपणावर बसलेले आहेत. नकारात व प्रश्नात ते 'टू'शिवाय येतात, एरवी त्याच्यासह. 'हेल्प'ला दोन्ही चालते.

कर्मणी प्रयोग झाला की मात्र गेलेला 'टू' परत येतो. 'आय सॉ हिम गो', पण 'ही वॉज सीन टू गो'. 'दे मेड हिम वेट', पण 'ही वॉज मेड टू वेट'. मूळ वाक्यात 'मेक' आणि 'वेट' एकमेकांना धरून होते. कर्मणीत ती पकड सुटते आणि तुमंताला पुन्हा खुणेची गरज भासते. 'लुक फॉरवर्ड टू' यातला 'टू' तर अजून जुने अव्ययच आहे, खूण झालेलाच नाही. म्हणून त्याच्यापुढे 'मीट' न येता 'मीटिंग' येते. अर्जाच्या शेवटच्या ओळीत सर्वाधिक चूक होते ती येथेच.

१३/
भारतात पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेलेल्या 'रेन अँड मार्टिन' या व्याकरणात हा सारा इतिहास एका छोट्या यादीत गोठलेला दिसतो. बिड, लेट, मेक, नीड, डेअर, सी, हिअर. यांच्यानंतर तुमंत 'टू'विना. पुस्तकाचे एक कर्ते पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीस होते, आणि 'बो जेस्ट' ही १९२४ ची लोकप्रिय कादंबरी त्यांचीच. १९३० च्या दशकात हिंदी विद्यार्थ्यांसाठी आलेल्या या व्याकरणाने एक फार महत्त्वाची गोष्ट सांगून ठेवली आहे: 'टू' हा तुमंताबरोबर पुष्कळदा येतो, पण तो त्याचा आवश्यक भाग नव्हे. हजारो वर्गांत यादी पाठ झाली आणि तिच्या डोक्यावरचे हे वाक्य निसटले. ते लक्षात राहिले असते, तर दुसऱ्या नियमाचा धाक वाटलाच नसता.

१४/
आता तो दुसरा नियम.

'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये शब्द घालण्याची चाल तेराव्या-चौदाव्या शतकापासून आढळते. 'सर गवेन अँड द ग्रीन नाइट' या चौदाव्या शतकातील काव्यात ती आहे. बायबलच्या इंग्रजी भाषांतराशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या जॉन विक्लिफ यांच्या लेखनात ती आहे. पंधराव्या शतकातील बिशप रेजिनल्ड पीकॉक यांना तर तिचा विशेष सोस होता. मग सोळाव्या-सतराव्या शतकांत ती जवळपास दिसेनाशी होते. शेक्सपिअरच्या एका सुनीतात तिचे एक उदाहरण सापडते, एवढेच. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ती पुन्हा डोके वर काढते. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स यांनी १७८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कवितेत ती वापरली आहे. कोणी बंदी घातली म्हणून ती मधल्या काळात थांबली नव्हती, आणि कोणी बंदी उठवली म्हणून परतलीही नाही. भाषेतल्या पुष्कळ चाली अशाच येतात आणि जातात.

१५/
बंदी आली ती नंतर. १८३४ मध्ये अमेरिकेतील 'न्यू इंग्लंड मॅगझिन' या मासिकात 'पी' एवढ्याच सहीने एक पत्र छापून आले. 'टू' आणि क्रियापद वेगळे करण्याची सवय अशिक्षितांमध्ये बरीच दिसते, असे त्याचे म्हणणे. मग तो प्रांजळपणे सांगतो की या बाबतीत आजवर कोणी नियम दिल्याचे त्याच्या माहितीत नाही. आणि लगेच स्वतःच नियम सुचवतो.

या पत्राचे वाचन सावकाश करण्यासारखे आहे. अर्थ बिघडतो, असा आक्षेप त्यात नाही. चांगले लेखक असे लिहीत नाहीत आणि अशिक्षित तसे बोलतात, हा आक्षेप आहे. नियमाच्या जन्मखुणेतच वर्गाची रेघ आहे.

१६/
तीस वर्षांनी, १८६४ मध्ये, कँटरबरीचे डीन हेन्री अल्फर्ड यांचे 'अ प्ली फॉर द क्वीन्स इंग्लिश' हे पुस्तक आले. एका पत्रलेखकाने त्यांना 'टू सायंटिफिकली इलस्ट्रेट' असा प्रयोग करून त्याचे समर्थन लिहून पाठवले होते. डीनसाहेबांनी उत्तर दिले की इंग्रजी बोलणाऱ्या-लिहिणाऱ्यांना ही रीत सर्वस्वी अपरिचित आहे. म्हणजे पत्रलेखकाचा लेखी पुरावा समोर असताना, आणि त्यामागे पाच शतकांचे लेखन उभे असताना, 'अपरिचित'! जॉर्ज वॉशिंग्टन मून नावाच्या टीकाकाराने लगोलग 'द डीन्स इंग्लिश' हे पुस्तक लिहून खुद्द अल्फर्ड यांच्या इंग्रजीतल्या चुका वेचून दाखवल्या. पण मतांचा प्रसार खंडनांपेक्षा वेगाने होतो. सातच वर्षांनी ब्रिटिश सरकार वॉशिंग्टनला तार करत होते.

१७/
येथे एका लोकप्रिय समजुतीची झडती घेणे आवश्यक आहे. असे सर्रास सांगितले जाते की लॅटिनमध्ये तुमंत एकाच शब्दाचे असते ('अमारे' म्हणजे प्रेम करणे), ते तोडता येत नाही, म्हणून लॅटिनवेड्या व्याकरणकारांनी इंग्रजीतही तोडण्यास मनाई केली. कथा सुबक आहे. तिच्यात एक खलनायकही असतो: बहुधा १७६२ चे व्याकरण लिहिणारे बिशप रॉबर्ट लाउथ.

पण लाउथ यांच्या व्याकरणात हा निषेध नाहीच. आणि एकोणिसाव्या शतकातील ज्या लेखकांनी तो केला, त्यांच्या लेखनात लॅटिनचा दाखला सापडत नाही. 'पी' चांगल्या लेखकांचा हवाला देतो, अल्फर्ड प्रचाराचा. लॅटिनचे कारण नंतरच्यांनी, तेही बहुधा नियमाची टर उडवणाऱ्यांनी, तर्काने जोडले आणि ते पुस्तकापुस्तकांतून उतरत राहिले. नियमाला मूळ साधन मागणारे लोक त्या नियमाच्या खंडनाला मात्र मूळ साधन मागायला विसरले. इतिहासाच्या अभ्यासकाने ही गोष्ट वहीत टिपून ठेवावी.

१८/
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'स्प्लिट इन्फिनिटिव्ह' हे नाव रूढ झाले आणि शिकारीला रंग चढला. १८९२ मध्ये 'डेली क्रॉनिकल' या वृत्तपत्रात कोणी रोज भाषाशुद्धीचे धडे देत असे. बर्नार्ड शॉ यांनी संपादकांना पत्र लिहून त्या गृहस्थाला हाकलून द्यावे अशी मागणी केली. हाकलताना 'अचानक' हा शब्द 'टू'च्या आधी, नंतर की मध्ये घालायचा, याचे पूर्ण स्वातंत्र्य त्याला ठेवावे, अशी पुस्तीही जोडली.

डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी अधिक शांतपणे मुळावर बोट ठेवले. 'द मॅन' या दोन शब्दांच्या मध्ये 'गुड' घातला तर त्याला कोणी 'दुभंगलेले नाम' म्हणत नाही. 'द' हा जसा नामाचा अवयव नव्हे, तसा 'टू' हा तुमंताचा अवयव नव्हे. मग दुभंगले काय?

१९/
१९२६ मध्ये हेन्री वॉटसन फाउलर यांचा 'डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश युसेज' हा कोश आला. त्यात त्यांनी इंग्रजी बोलणाऱ्या जगाचे पाच भाग पाडले: ज्यांना हा प्रकार माहीत नाही आणि पर्वाही नाही, ज्यांना माहीत नाही पण फार पर्वा आहे, जे जाणून निषेध करतात, जे जाणून मान्य करतात, आणि जे जाणून तारतम्य बाळगतात. पहिला गट सर्वांत मोठा आणि सर्वांत सुखी, असा त्यांचा अभिप्राय. रेमंड चँडलर या रहस्यकथाकाराचा संयम एवढा नव्हता. १९४७ मध्ये 'अटलांटिक मंथली'च्या संपादकांना लिहिलेल्या पत्रात, मुद्रितशोधकाने आपली तुमंते जोडू नयेत, आपण ती तोडतो ती तुटलेलीच राहावीत म्हणून, असे त्याने शिवी हासडून कळवले.

२०/
तारतम्य म्हणजे काय, ते एका उदाहरणाने उलगडते.

'ही फेल्ड टू कम्प्लीटली अंडरस्टँड': त्याला समजले, पण पूर्णपणे नाही.
'ही कम्प्लीटली फेल्ड टू अंडरस्टँड': त्याला काहीच समजले नाही.
'ही फेल्ड कम्प्लीटली टू अंडरस्टँड': पूर्ण काय होते, न समजणे की समजणे? वाचक दोन्हीकडे ओढला जातो.

नियम पाळण्याच्या हट्टाने लिहिणारा बहुधा तिसऱ्या वाक्याशी जाऊन थांबतो. 'टू मोअर दॅन डबल', म्हणजे दुपटीहून अधिक करणे, यात तर मधले शब्द हलवायला दुसरी जागाच नाही. उलट मध्ये पाच-सहा शब्दांची माळ ओवली की वाक्याचा श्वास कोंडतो, आणि तेथे न तोडणेच शहाणपणाचे. फाउलर ज्याला तारतम्य म्हणतात ते एवढेच.

२१/
या धास्तीचे पडसाद किती दूर जातात, याचे एक उदाहरण २० जानेवारी २००९ चे सांगितले जाते. अमेरिकेचे सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स बराक ओबामा यांना अध्यक्षपदाची शपथ देत होते. राज्यघटनेत 'विल' आणि 'एक्झिक्यूट' यांच्यामध्ये 'फेथफुली' हा शब्द आहे. रॉबर्ट्स यांनी तो उचलून वाक्याच्या शेवटी ठेवला. ओबामा अडखळले. शंका नको म्हणून दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये शपथ पुन्हा देण्यात आली.

भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये अंदाज बांधला की क्रियापदाच्या जोडीत क्रियाविशेषण येऊ न देण्याची शिस्त अंगात इतकी भिनली होती की रॉबर्ट्स यांच्या जिभेने नकळत राज्यघटनाच सुधारली. हा अंदाज आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे, आणि दडपणाखाली कोणाचीही जीभ घसरू शकते. तरी एक बारकावा मनोरंजक आहे. 'विल'नंतरचे 'एक्झिक्यूट' हे 'टू'विना येणारे तुमंत. तेथे तोडण्यासाठी 'टू' नव्हताच.

२२/
दरम्यान जनमानसात निकाल लागून गेला होता. १९६६ मध्ये सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक' या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेच्या प्रारंभीच्या निवेदनातील 'टू बोल्डली गो' हे शब्द जगभर पोहोचले. 'बोल्डली' मधून काढून इकडे किंवा तिकडे ठेवला की वाक्याची लय बसते, आणि ते कोणाला नको होते. १९९८ मध्ये 'न्यू ऑक्सफर्ड डिक्शनरी ऑफ इंग्लिश'ने अशी रचना ग्राह्य असल्याचे नोंदवले तेव्हा वृत्तपत्रांनी त्याची बातमी केली. जी चाल चौदाव्या शतकात चालू होती तिला परवानगी मिळाल्याची ती बातमी होती.

२३/
लंडनच्या 'द इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकाची लेखनसंहिता त्यानंतरही वीस वर्षे अडून बसली. तिची भूमिका मोठी गमतीची होती: ही बंदी निरर्थक आहे, पण ती मोडलेली पाहून इतक्या लोकांना इतका त्रास होतो की ती पाळावी. २०१८ च्या आवृत्तीत साप्ताहिकाने हे कलम सैल केले. स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शक पुस्तकांत आणि अनेक शाळांच्या उत्तरपत्रिकांवर मात्र 'पी'ने १८३४ मध्ये सुचवलेला नियम अजून लाल शाईत भेटतो.